घरातल्या बाईचं पोर्ट्रेट घरातच काढायचं असेल तर

आपल्याकडे किती घरांत भिंतीवरचा आज्जीचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला असतो, ते जरा आठवून बघा. मान ताठ, डोळे वटारलेले, चेहरा पुसट, आणि वर प्लास्टिकचा हार. शेजारी आजोबांचा मात्र स्टुडिओतला फोटो असतो: कोट, टोपी, कोरीव खुर्ची, बाजूला स्टुलावर फुलदाणी. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, चित्र हेच. जिनं सगळा जन्म त्या घरात काढला, तिचा एक धड फोटो निघालेला नसतो. निघतो तो पेन्शनच्या कागदासाठी.

मी बेळगावच्या वडगावात राहते. घरोघर जाऊन बायकांची पोर्ट्रेट काढणं हा माझा धंदा आहे. शिकायला मुली येतात, त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे. धंदा करायचा नसेल, नुसता आपल्या आईचा किंवा आज्जीचा एक चांगला फोटो हवा असेल, तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

मुलींना कॅमेरा हातात देण्याआधी मी काही नावं सांगते. कोलकात्याच्या अन्नपूर्णा दत्त, जन्म १८९४. त्यांनी स्टुडिओ थाटला नाही. त्या गिऱ्हाइकाच्या घरी जायच्या, पडद्यातल्या बायकांचे फोटो काढायच्या, आणि डेव्हलपिंग, प्रिंटिंग स्वतः घरी करायच्या. त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्याच शहरात सरोजिनी घोष यांनी महिला आर्ट स्टुडिओ चालवला. १८९२ मध्ये हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी जनान्यासाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती दिला. लंडनमध्ये अ‍ॅलिस ह्यूज यांनी १८९१ मध्ये गॉवर स्ट्रीटवर स्टुडिओ थाटला. तिथं फक्त बायकांचे आणि मुलांचे फोटो निघत, आणि भरभराटीच्या काळात साठेक बायका कामाला होत्या. ही नावं मी शोभेसाठी सांगत नाही. मुलगी कॅमेऱ्याची बॅग घेऊन निघाली की घरातलं कुणीतरी विचारतंच, "हे काय बायकांचं काम हाय काय?" त्याला उत्तर देता आलं पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायका या कामावर पोट भरत होत्या, माणसं कामाला ठेवत होत्या.

त्याचबरोबर दुसरी गोष्टही सांगते. बाई आहे म्हणून माजघरापर्यंत जाता येतं, हे खरं. तिथं पोचल्यावर फोटो चांगला येतो तो उजेड कळला तर, धीर असला तर, आणि प्रिंट नीट केली तर. दत्तबाई किंवा ह्यूजबाई टिकल्या त्या कामावर.

वेळ आणि उजेड

फोटो काढायला जायचं ते सकाळी नऊ ते अकरा, नाहीतर दुपारी साडेतीन-चारनंतर. आज्जीच्या जेवणाची आणि झोपेची वेळ विचारून घ्या. सणाच्या दिवशी जाऊ नका. घर माणसांनी भरलेलं असतं आणि जिचा फोटो काढायचा तीच चुलीपुढं असते.

जुन्या स्टुडिओंना उत्तरेकडं काचेचं छप्पर असायचं, कारण युरोपात उत्तरेकडून थेट ऊन सहसा येत नाही, दिवसभर सारखा मऊ उजेड मिळतो. पुस्तकांत अजूनही तेच लिहिलेलं असतं: उत्तरेची खिडकी शोधा. आपलं बेळगाव साधारण सोळा अंशांवर आहे. इथं मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतूनच ऊन आत येतं. तेव्हा दिशा पाठ करू नका. खोलीत जा, तळहात पुढं धरा आणि हळूहळू फिरवा. बोटांच्या सावल्या कडक पडत असतील तर ती जागा सोडा. सावलीची कड विरघळत असेल तर तिथं बसवा.

आपल्या कौलारू घरांत खिडक्या लहान आणि उंच असतात. तिथं सगळ्यात चांगला उजेड सोप्याच्या दारात मिळतो. उंबऱ्यापासून दोन-तीन फूट आत पाट किंवा खुर्ची मांडायची. आज्जीचं तोंड थेट दाराकडं नको, थोडं तिरकं. म्हणजे एक गाल उजळतो आणि दुसऱ्यावर सावली हळूहळू उतरते. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला पांढरं धोतर किंवा चादर दोरीवर टाका, उजेड परत चेहऱ्यावर येतो. आपण स्वतः दार अडवून उभं राहायचं नाही.

काचेच्या कौलाखाली मात्र कुणालाही बसवू नका. वरून पडणाऱ्या त्या झोतात स्वयंपाकघर उजळतं, पण डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. काचेच्या छपराखाली काम करणारे जुने फोटोग्राफर यासाठीच वर पडदे लावून ठेवायचे आणि हवा तेवढाच उजेड खाली सोडायचे.

ट्यूबलाइट बंद. दारातून दिवसाचा उजेड आणि वरून ट्यूबचा, असे दोन उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्याच रंगाचा दिसतो. मग तो कशानंही नीट होत नाही. भिंतीचाही रंग चेहऱ्यावर चढतो. पिस्ता नाहीतर गुलाबी ऑइल पेंटच्या भिंतीला खेटून बसवलं तर गालावर तोच रंग येतो. भिंतीपासून चार फूट तरी पुढं घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडं दिवसेंदिवस अंधारून असतं. तेव्हा स्टँड लागतोच, मोबाईल असो की कॅमेरा. जुन्या काळी एका फोटोला काही सेकंद लागत, म्हणून डोक्यामागं लोखंडी टेकू लावायचे. आता त्याची गरज नाही, पण म्हाताऱ्या माणसाची मान किंचित हलतच असते. लागोपाठ बरेच फोटो घ्या, त्यातला एखादा स्थिर निघतो.

मागं काय ठेवायचं

न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड केसेबिअर यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला तेव्हा त्या पंचेचाळिशीला आल्या होत्या आणि तीन मुलांची आई होत्या. तेव्हाच्या स्टुडिओंत रंगवलेला पडदा असायचा: महालाचे खांब, बाग, पायऱ्या. केसेबिअर यांनी ते सगळं काढून टाकलं. साधी पार्श्वभूमी, खिडकीचा उजेड आणि समोरचं माणूस. मला त्यांचं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडं आता तो पडदा मोबाईलमध्ये आला आहे: मागं ताजमहाल, नाहीतर धबधबा, नाहीतर गुलाबांची चौकट.

त्याऐवजी घरातलं काळं घोंगडं मागवा. त्याला चमक नसते, सुरकुती दिसत नाही, आणि पांढरे केस त्यावर सुरेख उठून दिसतात. आज्जीच्या मागं तीन-चार फुटांवर दोन खिळ्यांना लटकवा. कॅलेंडर, चार्जर, टीव्हीची वायर या गोष्टी आधी हलवा. मात्र ज्या वस्तूवर तिचा जीव आहे ती असू द्या. शहापूर-वडगावात कितीतरी घरांत माग होते. अशा घरातल्या आज्जीनं मागाशेजारी बसायचं म्हटलं तर घोंगडं गुंडाळून ठेवा आणि मागाशेजारीच फोटो काढा.

मोबाईलचं पोर्ट्रेट मोड बंद करा. मागचं धूसर करताना ते नथीची तार खातं, बुगडी अर्धी करतं, पदराची कड पुसून टाकतं. ब्युटी मोड तर आधीच बंद पाहिजे. आणि जवळ जाऊन फोटो काढू नका. हातभर अंतरावरून काढलं की नाक मोठं आणि कान लहान येतात. सहा-सात फूट मागं जा, दोन-एक्स झूम करा. कॅमेरा आज्जीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. ती पाटावर बसली तर तुम्हीही खाली बसा.

बसवणं आणि बोलणं

शक्यतो दोघी जा. व्हिएन्नाच्या डोरा काल्मुस, ज्या मादाम द'ओरा या नावानं प्रसिद्ध होत्या, त्यांनी १९०७ मध्ये स्टुडिओ काढला. तिथं यंत्राची बाजू त्यांचे सहकारी बेंडा सांभाळत आणि द'ओरा यांचं लक्ष समोर बसलेल्या माणसावर असे. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. एकीनं कॅमेरा बघावा, दुसरीनं आज्जीशी बोलावं.

पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: "हार घालायला काढूलीस काय गे फोटो?" तो हसण्यावारी नेऊ नका. खरं काय ते सांगा. लेकीला हवाय, नातवाला हवाय, तुमच्या घरात तुमचा एकही नीट फोटो नाही. मग तिला विचारा, तुम्हाला कसा हवाय? साडी कुठली? घरातले लोक सुनेनं दिवाळीला घेतलेली नवी चकचकीत साडी पुढं करतात आणि आज्जीच्या मनात ट्रंकेतलं इरकल असतं. इरकलच काढा. डोक्यावर पदर घ्यायचा की नाही, हे तिचं ती ठरवेल. तिथं सुनेचं नाही, मुलाचं नाही आणि तुमचंही मत नको.

नंतर घरच्यांना बाहेर काढायचं. गोडीनं, पण काढायचंच. "आई, नीट बस की", "आज्जी, हस की जरा", असं चारी बाजूंनी चालू झालं की बाई आक्रसते. मुलगे आणि जावई तर आधी बाहेर. फक्त बायका-मुलांसाठी असलेल्या त्या जुन्या स्टुडिओंचा खरा फायदा मला इथं दिसतो. समोर ज्याच्यापुढं मान खाली घालायची असा कुणी नाही, म्हणून बाई मान वर करते. लहान नात मांडीजवळ असेल तर असू दे.

हसा म्हणू नका. माहेरचं विचारा. गाव कुठलं, विहीर कुठं होती, भाऊ किती. जांबोटीकडची असेल तर पावसाचं बोलेल, निपाणीची असेल तर तंबाखूच्या वखारीचं बोलेल. बोलत असताना फोटो काढू नका, ओठ वाकडे येतात. बोलून झाल्यावर क्षणभर ती गप्प होते आणि मनात ते गाव असतं. तेव्हा काढा.

घर कानडी बोलणारं असेल तर "इल्ली नोडी" (इकडं बघा) आणि "मुगीतु" (झालं) एवढं तरी यायला हवं. मुसलमान मोहल्ल्यात आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी बोलून घ्या. फोटो कोण बघणार, मोबाईलमध्ये राहणार की पुसणार, हे त्यांना आधीच सांगा आणि सांगितलं ते पाळा.

चष्मा काढायला लावू नका. काच चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचला. काचा खाली झुकतात आणि चमक जाते. हात मांडीवर सैल राहू देत, एकावर एक. हात चौकटीत आले पाहिजेत. विडीच्या पानाला, मागाच्या धोट्याला, भाताच्या रोपाला ज्या हातांनी जन्मभर काम केलं, ते कापून टाकायचे नाहीत.

कुंकू आणि गोंदण

काळा-पांढरा फोटो बायकांना आवडतो, आणि मलाही. पण तो करताना आपल्या बायकांच्या चेहऱ्यावर काय होतं, हे कुणी शिकवत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

जुन्या काचेच्या प्लेटांना फक्त निळा उजेड कळायचा. पुढं हिरवा कळणाऱ्या प्लेटा आल्या. लाल मात्र दोन्हींना दिसत नव्हता. म्हणून तर अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून काम करता यायचं. त्याचा परिणाम असा की लाल रंग काळा यायचा आणि निळा जवळजवळ पांढरा. तुमच्या पणजीच्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर दिसतं ते यामुळं. तिची साडी फोटोत फिकी दिसते म्हणून ती पांढरीच असेल असं समजू नका, निळीही असू शकते. आणि हनुवटीवरचं, कपाळावरचं गोंदण जुन्या फोटोत अंधूक झालेलं असतं, कारण ते निळसर हिरवं. आपली गव्हाळ-सावळी कातडीही त्या प्लेटांवर होती त्यापेक्षा गडद यायची. मग निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं काम करून चेहरा उजळायचे. रिटचिंगचं हे काम विलायती स्टुडिओंत मागच्या खोलीत बसून बहुतेक बायकाच करायच्या.

आता उलटं झालं आहे. मोबाईलवरच्या स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये काळा-पांढरा फोटो करताना रंगाचे फिल्टर निवडता येतात. लाल निवडला की चेहरा एकदम उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून सगळे लालच निवडतात. पण लाल फिल्टरमध्ये कुंकू कातडीच्या रंगात मिसळून जातं. कपाळ मोकळं होतं. नवरा शेजारी बसलेला आणि बाईच्या कपाळावर काही नाही, असा फोटो भिंतीवर लावायला कुठल्या घरात चालेल? ती बाई तो हातात घेऊन काही बोलणारही नाही, नुसता उलटा करून ठेवील.

निळा फिल्टर घेतला तर जुन्या प्लेटेसारखं होतं. कुंकू ठळक, पण कातडी काळवंडते, प्रत्येक डाग उठतो आणि गोंदण बुडतं. हिरवा मधला आहे. कुंकू गडद राहतं, गोंदणही दिसतं, कातडीचा पोत खरा वाटतो. मी सुरुवात नेहमी हिरव्यापासून करते. विधवा आज्जीच्या कपाळावर गोंदण तेवढंच असतं. तिथं लाल किंवा नारिंगी फिल्टर लावला तर गोंदण स्पष्ट उमटतं, आणि तिला ते हवं असेल तर जरूर लावा. रंगीत मूळ फोटो मात्र कधी पुसू नका.

रिटचिंगचा माझा नियम सोपा आहे. पंधरा दिवसांत जे आपोआप जाईल ते काढा: डास चावलेला, फोडी, खरचटलेलं. जे राहणार ते ठेवा: सुरकुत्या, भाजल्याचा व्रण, देवीचे वण. चेहरा गोरा करायचा नाही. कुणी पैसे जास्त देतो म्हटलं तरी नाही. या एका बाबतीत मी गिऱ्हाईक सोडायला तयार असते.

प्रिंट आणि मागचा मजकूर

मोबाईलमध्ये राहिलेला फोटो मोबाईलबरोबर जातो. प्रिंट करा, मॅट कागदावर, निदान आठ बाय दहा. काचेला फोटो चिकटू देऊ नका. आपल्या पावसाळ्यात दमट हवेनं तो काचेला चिकटतो आणि काढताना चेहराच सोलून येतो. मध्ये पुठ्ठ्याची चौकट टाकली की काच आणि फोटो यांत जागा राहते. ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

मागं नाव लिहा. आताच्या गुळगुळीत फोटो कागदावर पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढं उमटतं, म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर लिहा. काय लिहायचं? सासरचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव, फोटोची तारीख, जागा. जुन्या फोटोंमागं पुरुषांची नावं सापडतात आणि बाईसाठी नुसतं "सौ." किंवा "मंडळी" लिहिलेलं असतं. मग चौथ्या पिढीला ती कोण हे सांगता येत नाही. नाव मराठीत लिहाच, कानडीतही लिहा. आपल्या भागातली पुढची मुलं कुठल्या शाळेत शिकतील आणि कुठली लिपी वाचतील, ते घराघरावर आहे.

पैसे

अमेरिकेच्या फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांनी १८९७ मध्ये बायकांच्या एका मासिकात या धंद्याबद्दल लिहिलं होतं. हा धंदा बायकांना चांगला पैसा देऊ शकतो, पण त्याला अक्कल, अपार धीर, माणसं सांभाळण्याचं कसब, शिक्षण, अनुभव आणि थोडं भांडवल लागतं, असा त्यांचा रोख होता. मला त्यातलं भांडवलाचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. आपल्या मुली कसब मिळवतात आणि पैशाचं बोलायला लाजतात.

बैठकीचे, म्हणजे घरी जाऊन फोटो काढण्याचे, पैसे वेगळे, प्रिंटचे वेगळे. बैठकीचे आधी घ्यायचे, घरी जाण्याआधी. "फोटो आवडला तर देऊ" हे मान्य करू नका. तुम्ही गेलात, दोन तास दिलेत, ते काम झालं. ओळखीच्या घरी सवलत द्या, पण पावतीवर पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत दाखवा, म्हणजे कामाची किंमत काय ते त्यांना कळतं. शेजारच्या गल्लीतल्या मुलीपेक्षा कमी दर लावून तिचं काम ओढू नका. उलट तिला सोबत घ्या, दोघींपैकी एक बोलायला लागतेच. कॅमेरा घ्यायला बचत गटाचं कर्ज मिळत असेल तर घ्या, पण पहिले काही महिने मोबाईलवर काम करून गिऱ्हाईक येतं का ते बघा.

पूर्वीच्या स्टुडिओंचं नाव फोटोच्या पुठ्ठ्यावर छापलेलं असायचं. तुमचंही असू दे. वडिलांचं नाही, नवऱ्याचं नाही, तुमचं. नाव, गाव, फोन एवढा रबरी शिक्का करून घ्या आणि तो पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात मारा. फोटोच्या कागदावर मारू नका, शाई उतरते. शिक्का पहिल्या ऑर्डरच्या आधी तयार पाहिजे.